भागाबाईच्या गाण्यातल्या दोन ओळी

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळातही नाही — तिथं तर मी हात जोडतो आणि चटकन बाहेर येतो. धाकट्या बहिणीला, कुसुमला, यातलं अर्धं ठाऊक आहे, आणि म्हणूनच गेली कित्येक वर्षं मी तिच्या घरी दोन दिवसांच्या वर राहत नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं म्हणाल तर मलाही ते नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

ओळखणारे मला फार मान देतात, हीच तर अडचण आहे. मी अकोल्यात असतो, शिक्षणखात्यात आहे, शाळा तपासतो. मी येणार म्हटलं की मास्तरमंडळी आदल्या दिवशी भिंतींना चुना लावतात. विद्यार्थ्यानं दुसऱ्याचा निबंध उतरवला असेल तर पहिल्या चार ओळींत मला कळतं, अशी माझी ख्याती आहे. सत्काराच्या भाषणात कुणीतरी हमखास म्हणतं की वऱ्हाडातला हा मुलगा विलायतेला गेला आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच जुन्या गाण्यांमधलं खरं-खोटं शिकवून आला. टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो. लोक त्याला विनय म्हणतात.

गोष्ट गाण्याचीच आहे. एका गाण्याची — त्यातही दोनच ओळींची.

आमचं घर अमरावतीला, राजापेठेत. वडील वकील, पण अशील कमी आणि वर्तमानपत्रं जास्त, अशातले. घरामागून दोन शेतं ओलांडली की भागाबाईचा मळा लागायचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला झेंडू-शेवंती. सकाळी टोपली घेऊन ती आमच्या ओसरीवर यायची, आईशी भाव करताना दोघी भांडल्यासारख्या बोलायच्या आणि शेवटी भागाबाई देवाला म्हणून एक फूल फुकट ठेवून जायची. मी रांगत होतो तेव्हापासून ती मला बघत आलेली. मला ‘बापू’ म्हणायची. मी एम. ए. झालो तरी बापूच राहिलो.

कॉलेजात आम्हाला गिल्मरसाहेब इंग्रजी शिकवायचे. ते इंग्रज नव्हते, स्कॉच होते, आणि कुणी चुकून इंग्रज म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांच्या देशातल्या एका विद्यापीठात कुणा श्रीमंत बाईनं निधी ठेवला होता. परदेशातल्या एका पदवीधरानं दोन वर्षं तिथं राहून स्कॉटलंडच्या वाङ्मयावर संशोधन करावं. बोटीच्या तिकिटापासून कोळशाच्या शेगडीपर्यंत सगळा खर्च निधीचा. अर्जासोबत एक निबंध पाठवायचा. निबंधात केवळ पुस्तकी माहिती नको, स्वतः शोधलेलं काहीतरी हवं. आणि जो शिफारस करील त्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती, कसं सांगू? आमच्या घरात नागपूरच्या पलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. मी रात्रंदिवस त्या देशाचा नकाशा बघायचो, जिथं मला कुणीही ‘वकिलांचा मोठा’ म्हणणार नव्हतं.

त्या लोकांची जुनी गाणी साहेबांनी मला वाचायला दिली होती. गोष्ट सांगणारी गाणी. ती कुणी रचली ते माहीत नाही, आयांकडून लेकींकडे आलेली. त्यांतल्या कितीतरी गाण्यांत कुणी पाण्यात बुडतं, सगळे म्हणतात पाय घसरला, आणि शेवटी एखादी मुकी वस्तू — कापड, केस, अंगठी — खुनाला वाचा फोडते. मी ठरवलं की असंच गाणं वऱ्हाडात शोधायचं. दोन देश, हजारो कोस, आणि गाण्याची ठेवण एकच. निबंधाचं नाव आधी ठरलं. गाणं नंतर शोधायला निघालो. इथंच खरं तर कळायला हवं होतं, नाही का?

भागाबाईचं एक गाणं मला लहानपणापासून माहीत होतं. वांगी तोडताना ती म्हणायची. आसपासच्या पोरींनी ते उचललं होतं आणि भुलाबाईच्या दिवसांत म्हणायच्या. भुलाबाई म्हणजे भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडच्या पोरींचा महिना. ज्वारीच्या धांड्यांखाली मातीच्या भुलाबाई-भुलोजीला बसवायचं, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि मग खिरापत ओळखायची. त्या गाण्यांचं एक आहे: ती कुणी केली हे कुणी विचारत नाही. ती असतातच. पोरी आजोळी जातात, गाणं तिथं सोडून येतात, तिथलं इकडे आणतात.

मी वही घेऊन मळ्यात गेलो. आषाढाचे दिवस होते. भागाबाईनं खुरपं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि मला गाणं सांगितलं. मी पेन्सिलीनं उतरवून घेतलं, वर तारीख टाकली. गाणं सहा ओळींचं. शेवटच्या दोन अशा —

पान्याले गेल्या बाई, दोघी जावा, दोघी जावा,
घागरी आल्या दोन, एकलीच आली जाव.

मी विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, पुढे काहीच नाही. मग तिनं मला जे सांगितलं ते गाण्यात नव्हतं. एकली परत आलेली ती धाकटी जाव म्हणजे ती स्वतः. थोरली तिवश्याची, माहेरची माणसं मोठी मायाळू. दोघींनी घागरी भरून विहिरीच्या काठावर ठेवल्या होत्या. थोरली पाय धुवायला खालच्या दगडावर उतरली, दगडाला शेवाळ. भागाबाईनं तिचा पदर धरला. दोन्ही हातांनी धरला. पदर फाटला, हिरव्या काठाचा तुकडा मुठीत राहिला आणि बाई गेली. मोटेवरची माणसं धावून येईपर्यंत उशीर झाला होता. सांजच्याला कुणीतरी म्हणालं, पाणी तरी घरी ने, तेव्हा तिनं दोन्ही घागरी आणल्या — एक डोक्यावर, एक कमरेवर.

तो तुकडा तिनं देव्हाऱ्याखाली डबीत ठेवला होता. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आपल्या हातात पदर आला आणि माणूस नाही आलं, याची तिला लाज वाटायची.

मी तेही लिहून घेतलं. गाण्याच्या खाली, त्याच पानावर.

आणि घरी येऊन काय केलं? पुढच्या दोन ओळी रचल्या. तुम्हाला वाटेल मी रात्रभर तळमळलो असेन, मनाशी झगडलो असेन. छे! जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता रचल्या, आणि जमल्या म्हणून खूशही झालो —

मुठीमंदी काय बाई, हिरवा काठ, हिरवा काठ,
कोनं देल्ला धक्का, कोनाची होती पाठ?

झालं. मुक्या वस्तूनं खुनाला वाचा फोडली. माझा निबंध पूर्ण झाला.

गिल्मरसाहेबांनी तो वाचला आणि खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. मग म्हणाले, एका तोंडचं गाणं म्हणजे ऐकीव गोष्ट. दुसऱ्या तोंडी सापडलं तर पुरावा. तिकडचे लोक हेच विचारतील. दुसरं तोंड शोध, मी स्वतः ऐकायला येतो. बरोबरच होतं त्यांचं. असल्या कामाची ती पहिली शिस्त आहे. पुढे मी स्वतः ती कितीतरी जणांना शिकवली.

दुसरं तोंड माझ्या घरातच होतं. कुसुम अकरा वर्षांची. भुलाबाई बसायला आठ दिवस होते. मी तिला त्या दोन ओळी शिकवल्या — चाल तीच, त्यामुळे तिला दोनदाच सांगावं लागलं. कुणी विचारलं तर हे गाणं पहिल्यापासून असंच आहे म्हणायचं, असं बजावलं. तिनं विचारलं, खरंच आहे का असंच? मी म्हटलं, हो. भावाचा शब्द. तिनं दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार पोरींना शिकवल्या, कारण एकटीनं म्हणायचं ते भुलाबाईचं गाणं कसलं?

साहेब आले. ओसरीवर खुर्ची मांडली होती, आईनं चहा नव्या पेल्यात दिला. पोरींनी गाणं म्हटलं. शेवटच्या दोन ओळींना साहेबांची पेन्सिल थांबली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं — अगदी खरं पाणी. त्या माणसाची गाण्यांवर माया होती हो. त्यांना फसवलं हेही एक आहेच, पण आज ते मी मागे ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यात गेलो. भागाबाई साहेबाला बघून पदर नीट करून उभी राहिली, गायली, आणि तिच्या सहा ओळींवर थांबली. साहेबांनी मला विचारायला सांगितलं की मुठीतल्या काठाची ओळ हिला येते का. मी भागाबाईला मराठीत विचारलं — काय विचारलं माहीत आहे? जुनी गाणी सगळीच्या सगळी आठवतात का आता? ती हसली. म्हणाली, “येते तेवढं म्हनलं, बापू. बाकीचं कोनाले ध्यानात राह्यते.” मी साहेबांकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं की तिला ती ओळ ठाऊक आहे, पण म्हणताना त्रास होतो.

साहेबांनी तिला मान लववून नमस्कार केला. तिनंही केला. दोघांच्या मधे मी उभा होतो.

त्यांनी शिफारशीत काय लिहिलं ते मला नंतर कळलं. गाणारीचं मौन हाच सर्वांत मोठा पुरावा, असं लिहिलं होतं.

कोजागरी झाली. पोरींनी भुलाबाई बोळवली. मी विलायतेच्या पत्राची वाट बघत होतो आणि त्या दोन ओळी — त्यांना कुणाची वाट बघायची नव्हती. कुठलीशी पोर दिवाळीला आजोळी गेली असेल, तिवश्याला. एवढंच झालं. थोरलीच्या माहेरच्या अंगणात कुणीतरी ते गाणं म्हटलं. तिच्या म्हाताऱ्या आईनं ऐकलं. लुगडं त्यांनीच दिलेलं होतं, राखीच्या वेळी, हिरव्या काठाचं. हे गाण्याला कसं कळलं?

आता तुम्ही म्हणाल, गाण्यावर कुणी असा भरवसा ठेवतं का? आमच्याकडे ठेवतात. माणसानं सांगितलं तर लोक विचारतात, तुझा यात काय फायदा? भुलाबाईच्या गाण्याला असं कोण विचारणार? ते कुणी केलेलंच नसतं. ज्याला कर्ता नाही ते खोटं कशाला बोलेल? मी माझ्या निबंधात हेच तर लिहिलं होतं — फार छान शब्दांत लिहिलं होतं.

थोरलीचे भाऊ आले. भांडायला आले नव्हते, विचारायला आले होते. सोयरे बसले, जातीतली दोन जाणती माणसं बसली. त्यांनी भागाबाईला विचारलं, असा तुकडा आहे काय? आणि भागाबाईनं — तिला खोटं बोलता येत नव्हतं, तिनं कधी ते केलंच नव्हतं — देव्हाऱ्याखालची डबी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

पोलिसांत कुणी गेलं नाही. घरातली गोष्ट घरात मिटवली. मिटवली म्हणजे काय केलं? भागाबाईची चूल वेगळी केली. थोरला दीर तिच्या सावलीला थांबेना. नवरा बोलेनासा झाला. आणि तिच्या हातचं पाणी कुणी पिईना. घरातल्या रांजणात तिनं घागर ओतली की सासू ते पाणी झाडांना घालायची. तिची लेक शेवंती सोळा वर्षांची होती, चांदूरकडे सोयरीक जुळली होती, साखरपुडा झालेला. ती माणसं येऊन साखरपुड्याचं लुगडं परत घेऊन गेली.

आमच्या ओसरीवर ती आधीसारखीच टोपली घेऊन येत राहिली. आई तिच्याशी भाव करायची, पण भांडायची नाही. भागाबाईला ते कळत होतं.

मग पौषात पत्र आलं. मला ती जागा मिळाली होती. घरात पेढे वाटले, वडिलांनी पत्र बाररूममध्ये नेऊन चार जणांना वाचून दाखवलं. आणि त्याच आठवड्यात, दुपारी, सगळे निजले असताना भागाबाई मागल्या दारानं आली. टोपली नव्हती. मी ट्रंक भरत होतो.

ती दाराशीच बसली. तिनं आरोप केला नाही, रडलीही नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की आषाढात मी तिच्या तोंडून गाणं लिहून घेतलं तेव्हा त्या दोन ओळी त्यात नव्हत्या, आणि पदर कसा फाटला तेही मी लिहून घेतलं होतं. वर तारीख टाकली होती, तिनं बघितलं होतं. ती वही मी बैठकीत नेऊन वाचून दाखवावी. वकिलाच्या पोराचा शब्द लोक मानतील. शेवंतीची सोयरीक अजून जुळू शकत होती. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली,

“मले वाचता येत नाही, बापू. पन वही खोटं नाही बोलत ना?”

वही ट्रंकेत होती. तिच्या हातापासून दीड हातावर, माझ्या लोकरी सदऱ्याखाली. काढून बैठकीत नेली असती तर पहिला प्रश्न आला असता — मग त्या ओळी आल्या कुठून? आणि गिल्मरसाहेबांच्या कानावर जायला दोन दिवसही लागले नसते.

मी म्हटलं, “वही विलायतेला पाठवली, भागाबाई. अर्जासोबत.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठली, लुगडं झटकलं.

“मंग येताना आनजो,” म्हणाली. “म्या थांबतो.”

कुसुम माजघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, दादा, मी सांगू का त्यांना, की तू शिकवलंस? मी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, मी परत आलो की सगळं नीट करतो. तोवर बोललीस तर बाबांची अब्रू जाईल. अकरा वर्षांची पोर. तिनं तोंडाला कुलूप लावलं. पुढच्या वर्षी भुलाबाई खेळायची नाही म्हणून हटून बसली, असं आईनं पत्रात लिहिलं होतं. आईला कारण कळलं नव्हतं.

दोन वर्षं मी तिकडे होतो. काम चांगलं केलं, हे सांगायला हवं. वाईट केलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. जुन्या गाण्यांचे संग्रह तपासता तपासता माझ्या लक्षात आलं की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काही हौशी संग्राहकांनी त्यांत स्वतःच्या ओळी घुसडल्या होत्या. कुठली ओळ लोकांची आणि कुठली संग्राहकाची, ते मला वाचताच कळायचं. फार नीटनेटकी असते ती. जिथं गाणारी थांबते तिथं ती बोलायला लागते. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्या मेलेल्या सभ्य गृहस्थांना असं झोडपलं की परीक्षकांनी त्या प्रकरणाची खास वाखाणणी केली. लिहिताना मला खरोखरच राग आला होता. यावर तुम्ही हसलात तर मला वाईट वाटणार नाही.

एकदा डोंगरातल्या एका गावी एका म्हातारीकडे गाणं उतरवायला गेलो होतो. बटाटे सोलत बसली होती. सुरू करण्यापूर्वी तिनं विचारलं की मी तिच्या गाण्यात काही घालणार तर नाही ना? तिच्या आईच्या गाण्यात कुणीसं घातलं होतं म्हणे. मी शपथ घेतली. तिच्या धर्मपुस्तकावर हात ठेवून घेतली. ती गायली, आणि मला त्या थंड स्वयंपाकघरात सारखं वाटत राहिलं की पाठीमागे कुणीतरी भरलेली घागर खाली ठेवतंय. वळून बघितलं नाही. तेव्हापासून ते सुरू झालं. वाचनालयात, खोलीत, जेवताना — दगडावर घागर टेकल्याचा आवाज. अजून येतो. डॉक्टरला कान दाखवले, कान चांगले आहेत.

परत आलो. स्टेशनवर हार, घरी औक्षण, मुंबईला बदलून गेलेल्या गिल्मरसाहेबांचं अभिनंदनाचं पत्र. तिसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई ओसरीवर आली. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते. वांग्यांची टोपली आईपुढे ठेवली, माझ्याकडे बघून म्हणाली, वाळला रे तू. मग आई आत गेल्यावर हळूच विचारलं,

“वही आनली काय?”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, तिकडचे लोक वह्या परत देत नाहीत. दफ्तरात ठेवून घेतात.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “वही नसली तर नसू दे. तुह्यं तोंड तर आहे. तूच सांगून दे दोन शब्द. तुह्याच तर ध्यानात आहे सारं.”

मी खांबाला धरून उभा होतो, आणि आई आतून पैसे घेऊन कधी येते याची वाट बघत होतो.

भागाबाईनं टोपली उचलली. देवाचं फूल ठेवलं — ते ती विसरली नाही — आणि अंगणात उतरून थांबली.

“चिंधीचं म्या तुलेच सांगतलं होतं, बापू,” ती म्हणाली. “या दुनियेत आनखी कोनालेच नाही. म्हनलं, हा आपल्या तोंडानं सांगन एक दिवस.”

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ट्रंकेपाशी बसली होती तेव्हाही. ज्या दिवशी बैठकीत डबी काढून ठेवली त्या दिवशीच तिला कळलं असणार की हे गाणं कुणाचं. आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. दोन वर्षं वेगळ्या चुलीवर भाकर भाजली, रांजणातलं पाणी झाडांना जाताना बघितलं, आणि मला सवड दिली.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. मीही गेलो नाही. दोन शेतं ओलांडायची होती. मला अकोल्याला नेमणूक मिळाली आणि मी सुटल्यासारखा निघालो. बढती मिळत गेली. दर वर्षी मनाशी म्हणायचो की या दिवाळीला जाईन. एका वर्षी गेलोही, मळ्याच्या बांधापर्यंत. ती पाठमोरी वांगी तोडत होती, आणि गात नव्हती. परत फिरलो.

यंदा आश्विनात इथल्या एका मुलींच्या शाळेची तपासणी होती. हेडमास्तरीणबाईंनी पाहुण्यांसाठी भुलाबाईची गाणी ठेवली होती. चौथं गाणं सुरू झालं आणि मला पहिल्या ओळीलाच कळलं. आठ ओळींचं म्हटलं त्यांनी. भागाबाईचं सहा ओळींचं आता कुणाला येत नाही. शेवटच्या दोन ओळींना बारक्या पोरी हाताची मूठ वळून दाखवत होत्या. कुणीतरी तसं बसवलं असणार. मग बाईंनी मला खिरापत ओळखायला सांगितली. मी म्हटलं, खोबरं. बरोबर निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर कुसुमचं पत्र आलेलं होतं. चारच ओळी. भागाबाई गेली. शेवटी पाणी शेवंतीनं पाजलं. कुसुमनं मला काही विचारलं नव्हतं, खाली सही केली होती.

मी अमरावतीला गेलो. राजापेठेत शेवंती फुलं विकायला बसते. लग्न झालं नाही. ती आता तिच्या आईच्या तेव्हाच्या वयाची आहे, तसाच पदर खोचते. मी झेंडूची फुलं घेतली. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. वही पिशवीत होती, वाचायचं पान दुमडून ठेवलं होतं. तिनं मला ओळखलं, आईबद्दल दोन शब्द बोलली आणि पुडी बांधताना वर एक फूल टाकलं, देवाला म्हणून. मी फुलं घेतली आणि स्टेशनवर आलो.

वही आता माझ्यापुढे आहे. पेन्सिल फिकट झालीय, पण वाचता येतं. वर आषाढातली तारीख आहे. गाण्याच्या ओळी सहा आहेत. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘दोन्ही हातांनी पदर धरला. पदर फाटला. हे गाण्यात नाही, असं बाई सांगते.’

शेवटच्या दोन ओळी या पानावर कुठेही नाहीत. त्या मी रचल्या. भागाबाईनं तिच्या जावेला धरलं होतं.